सीट पातळ आहे, पण ऐक तरी

हॅम्बुर्ग, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर आई ऐकून घेत नाही आणि बाबा स्पीकर लावून पेपर वाचत बसतात. हे छापून घ्या आणि मावशीलाही वाचून दाखवा. माझी तब्येत छान आहे, जेवण वेळेवर आहे, थंडीचं काही वाटेनासं झालंय. बाकी ऑफिस, डबा, भाजीवाली बाई सगळं तेच, ते पुन्हा लिहीत नाही.

मावशी लंडनहून नव्या सीटवर बसून आली आणि पार्लेभर सांगत सुटली, "नऊ तास पाटावर बसवून आणलं हो!" तेव्हापासून आई, तुझे गुडघे अचानक जास्त दुखायला लागलेत आणि मे महिन्यातलं येणं "बघू" वर आलंय. मावशीचं खोटं नाही, पण अर्धंच आहे. मी दिवसभर हेच वाचते गं. विमान कंपनी जुन्या सीटा काढून नव्या बसवते, प्रवाशांकडून फॉर्म भरून घेते, आणि ते फॉर्म आमच्या टेबलावर येतात. पहिले दोन तास सगळे खूश: पडदा मोठा, फोन चार्ज होतो, दिवे डोळ्यांवर येत नाहीत, डोक्यावरच्या कप्प्यात बॅग उभी राहते. जेवणाचे ट्रे उचलले की सूर बदलतो. मग कंबर, मांड्या आणि शेजाऱ्याचं कोपर. शौचालय इतकं लहान का केलं, हे तर प्रत्येक भाषेत लिहिलेलं असतं.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. दोन रांगांमधलं अंतर म्हणून जे 31 इंच वगैरे सांगतात, ते एका सीटवरच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंत मोजतात. म्हणजे मधल्या पाठीची जाडीही त्यातच धरलेली. पाठ पातळ केली की तेवढ्याच 31 इंचांत गुडघ्यांना जास्त जागा सुटते. मासिकांचा कप्पा गुडघ्यांसमोरून उचलून वर नेलाय तोही त्याचसाठी. सीटचं वजन घटतं, इंधन वाचतं, हा कंपनीचा फायदा. काही कंपन्या वाचलेली जागा गुडघ्यांना न देता एक रांगच वाढवतात, तेही मला माहीत आहे, मावशीला सांगायला नको. रुंदीचं तसंच. बोइंगचं 787 आलं तेव्हा एका रांगेत आठ सीटांची कल्पना होती. बहुतेकांनी 3-3-3 अशा नऊ बसवल्या आणि माणशी जेमतेम 17 इंच उरले. जपान एअरलाइन्सने मात्र आंतरराष्ट्रीय विमानांत आठच ठेवल्या, आणि लोक अजून त्यांचं नाव काढतात.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला खुपते. फॉर्ममध्ये गुडघे समोर टेकतात का, असा प्रश्न आहे. पाय जमिनीला टेकतात का, असा नाही. ऑफिसच्या तळमजल्यावर नमुन्याची तीन सीटांची रांग आहे. मी तिथे बसून बघितलं, तर सीटची पुढची कड गुडघ्याच्या मागे रुतते आणि टाचा अधांतरी. उंच माणसाला ते कधी कळणारच नाही. आई, तू माझ्यापेक्षाही दोन बोटं बुटकी. म्हणून सांगते, हातातली बॅग वर ठेवू देऊ नकोस. विमान उडालं की ती पायाखाली घे आणि वर पाय ठेव. दर तासा-दोन तासांनी उठून मागपर्यंत चक्कर मार. व्हीलचेअरसाठी मी नाव घातलंय. त्याचे पैसे पडत नाहीत आणि पार्ल्यातलं कोणी बघायला येत नाही, तेव्हा हट्ट नको. फ्रँकफर्टला विमान बदलायचंय, चालणं खूप आहे.

कानांचं बाबांनी विचारलं होतं. जुन्या विमानांत आतला दाब साधारण 8,000 फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. 787 किंवा एअरबस ए350 मध्ये 6,000 च्या आसपास. आपलं कळसूबाई 5,400, म्हणजे नव्या विमानात त्याच्या थोडंच वर. उतरल्यावर डोकं कमी दुखतं, असं फॉर्ममध्येही बरेच जण लिहितात. 787 च्या खिडकीला सरकवायची झडप नाही, बटण दाबलं की काच गडद होते. पण कर्मचारी सगळ्या एकदम गडद करून टाकतात, यावर लोक फार चिडतात. ढग बघायचे असतील तर आधी बघून घे.

"कोंदट हवेत नऊ तास" याचीही काळजी नको. विमानातली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते, निम्मी बाहेरून येते, उरलेली बारीक फिल्टरमधून गाळलेली. हवा कोंडायचा प्रश्न इथे घरात आहे, आणि त्याची तयारी आत्तापासून करा. इथली माणसं भर जानेवारीत खिडक्या सताड उघडतात! किलकिल्या करून चालत नाही, पूर्ण उघडायच्या, हीटर बंद करून, पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. आंघोळीनंतर वेगळं, भाताचा कुकर लावल्यावर वेगळं. माझ्या भाडेकरारात हे चक्क लिहिलंय. भिंती, खिडक्या इतक्या घट्ट असतात की श्वासाची, स्वयंपाकाची वाफ बाहेरच जात नाही. भिंतीला बुरशी धरते, आणि मग घरमालक अनामत रकमेतून कापतो. वरच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्या हिवाळ्यात मला दारात उभं करून हे सगळं हातवारे करून शिकवलं. ऑफिसात तर मीटिंग चालू असताना कोणीतरी उठतो, खिडकी उघडतो, आम्ही सगळे कोट चढवतो आणि पुढचा मुद्दा घेतो. बाबा, तुम्ही "अहो, वारा लागेल" म्हणत खिडकी लावायला धावाल, मला दिसतंय. मे महिना असेल, धावू नका.

आता पैशांचं. हो, मी साधीच तिकिटं काढली. प्रीमियम इकॉनॉमीत पायाला टेकण असतं, सगळं बघून झालं होतं, पण दोघांचा फरक समीरच्या लग्नाच्या हॉलच्या आगाऊ रकमेएवढा निघाला आणि त्याला मी शब्द दिलाय. ते पैसे सोमवारी बँकेत येतील. येताना मात्र जुन्या विमानाची तारीख बघून घेतलीय, एअरबस ए330. त्यात रांग 2-4-2 असते. तुम्ही दोघं कडेच्या जोडीत, मध्ये तिसरं माणूस नाही, आणि गादी जाड. दिवसभर नव्या सीटांची बाजू मांडणाऱ्या मुलीने हे केलं म्हणून हसू नका, आणि ऑफिसातलं कोणी भेटलं तर बोलू नका. ऐनवेळी विमान बदललं तर इलाज नाही. परतीचं 787 आहे. तेव्हा फॉर्म भरा, आणि पायांचं खाली मोकळ्या जागेत लिहा.

समीरच्या साखरपुड्याला मला जमत नाहीये. त्याच आठवड्यात आमचं पहिलं विमान नव्या सीटा घालून बाहेर पडतंय. तो "ताई, चालेल गं" म्हणाला, ते मला चाललं नाही. लग्नाला पंधरा दिवस आधी येते, रुखवतापासून सगळं माझ्याकडे. मुलीच्या आईसाठी साडी मावशीबरोबर जाऊन दादरहून घे, माझ्या नावाने. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचं पुढे काही झालं का? विमानतळाच्या उंचीच्या नियमात अडकलेल्या इमारतीतली मुलगी विमानांचंच काम करते, असा टोमणा बाबांनी कमिटीत मारला म्हणे. परवानगी येवो न येवो, सही माझं पत्र आल्याशिवाय करू नका.

आणि हो, पुण्याच्या स्थळाचा बायोडेटा उघडला. बरा वाटतोय. एकदा बोलेन, साधा फोन, व्हिडिओ नको, आणि पत्रिका आत्ता काढू नका. नंबर तूच पाठव. मावशीच्या हातात दिलास तर तो मुलगा मला फोन करायच्या आधी हॉल बुक झालेला असेल.

तुमची,
अनू