गंगेला न मिळालेलं दुःख

संपादक महोदय,

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ हा सल्ला देणारे बहुधा चांगल्या मनानेच देतात. भावाच्या अपघाताचा फोन आला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. त्यानंतर सहा वर्षं रात्री फोन वाजला की माझे तळहात घामेजायचे. मी विसरले होते, शरीर विसरलं नव्हतं.

मला उपयोग झाला तो वहीचा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं स्वतःवरच्या आघाताबद्दल लिहायला लावलं होतं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे लगेच हलके झाले नाहीत, उलट लिहून उठताना जास्तच खिन्न होते. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. माझंही तसंच. पहिल्या दिवशी अर्ध्या पानावर पेन ठेवून रडत बसले. (शुद्धलेखनाकडे बघायचं नाही, हे तर फारच जड गेलं!)

वही सगळ्यांना पुरेल असं नाही. झोप उडाली असेल, तोच प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा घडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. तिथे त्या आठवणीला थोडं थोडं, सुरक्षितपणे सामोरं जायला शिकवतात.

आणि घरच्यांनी ‘बोल ना, मोकळी हो’ म्हणत मागे लागू नये. माझी मैत्रीण यायची, काही न विचारता माझ्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसायची. तिसऱ्या दिवशी मीच बोलायला लागले.

– एक वाचक