सेलेनियमच्या बाटलीवरचा दावा आधी तपासा: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,

बर्ड फ्लूची बातमी आली की ‘सेलेनियम (शरीराला अगदी थोडे लागणारे मूलद्रव्य) पाजा, पक्षी वाचतील’ हा सल्ला कुक्कुटपालकांमध्ये फिरू लागतो. तो पूर्ण खोटा नाही, म्हणूनच जास्त फसवा आहे.

सेलेनियम हा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एन्झाइमचा घटक. विषाणूशी झुंजताना पांढऱ्या पेशींना त्याच झुंजीत तयार होणाऱ्या पेरॉक्साइडपासून हे एन्झाइम वाचवते. बर्ड फ्लूच्या एच९एन२ या सौम्य प्रकारावरील एका प्रयोगात, लस टोचलेल्या कोंबड्यांना खाद्यातून जादा सेलेनियम दिल्यावर त्यांच्या घशातून आणि विष्ठेतून बाहेर पडणारा विषाणू कमी झाला. पण त्या कोंबड्यांना लस होती. एच५एन१चा तीव्र प्रकार लस नसलेल्या शेडमध्ये शिरला, तर काही दिवसांत जवळजवळ सगळी शेड मोकळी होते. तिथे सेलेनियमचा आधार धरणे म्हणजे मौल्यवान वेळ घालवणे.

आता मात्रेबद्दल, कारण खरी गफलत तिथेच होते. ब्रॉयलरची गरज किलो खाद्यामागे सुमारे ०.१५ मिलिग्रॅम. अमेरिकेत वरून घालायची कमाल मर्यादा ०.३ मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघात खाद्यातले एकूण सेलेनियम ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ५ मिलिग्रॅमच्या आसपास अंडी उबण्याचे प्रमाण घसरते. गरज आणि विष यांत एवढेच अंतर.

खाद्यात घालायच्या सोडियम सेलेनाइट या संयुगात सेलेनियम सुमारे ४५ टक्के, म्हणजे किलोमागे ०.३ मिलिग्रॅमसाठी टनाला जेमतेम ०.६६ ग्रॅम पावडर. ती थेट मिक्सरमध्ये टाकली तर एका पोत्यात विष आणि दुसऱ्यात काहीच नाही. आधी १ किलो चुनखडीच्या भुकटीत, मग १० किलो, मग १०० किलो खाद्यात असे टप्प्याटप्प्याने वाढवून शेवटी टनात मिसळावे लागते. पावडर विषारी असल्याने मास्क आणि हातमोजे हवेतच. त्यानंतर बॅचमधून दहा नमुने काढून तपासावेत. त्यांतील सेलेनियमच्या प्रमाणातला फरक (विचलन गुणांक) १० टक्क्यांच्या वर गेला तर मिश्रण बिघडले आहे.

पाण्यातून दिल्यास घोळ वाढतो. पक्षी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो. लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम टाकले, तर आधीच ०.३ असलेल्या खाद्याची मात्रा दुप्पट होते. उन्हाळ्यात पाणी वाढले की तीही वाढते. त्याच टाकीत व्हिटॅमिन सी टाकले तर सेलेनाइटचे अविद्राव्य सेलेनियम बनू शकते, ते खाली बसते आणि पक्ष्याला काहीच मिळत नाही.

म्हणून तीन गोष्टी आपल्या खात्याने कराव्यात. पुरवणीच्या लेबलावर ‘बर्ड फ्लूपासून संरक्षण’ हा दावा बंद करावा. संयुगाचे वजन न छापता मूळ सेलेनियमचे मिलिग्रॅम छापणे सक्तीचे करावे, आणि खाद्य व पाणी मिळून एकूण किती होते हेही. प्रीमिक्सचे (खाद्यात घालायच्या तयार मिश्रणाचे) नमुने बाजारातून उचलून प्रयोगशाळेत तपासावेत.

आणखी एक, जे आम्हाला सर्वांत जास्त खुपते. लस आणि चांगले पोषण मिळालेल्या कळपात लक्षणे पुसट होतात, पण विषाणू फिरत राहू शकतो. अशा शेडमध्ये मरतुकीवर नजर ठेवणे पुरेसे नाही. घशाचे आणि गुदद्वाराचे स्वॅब नियमित घेण्याची सोय व्हावी, आणि अचानक मरतूक झाल्यास मेलेले पक्षी तपासणीसाठी शेडवरच न फाडता लगेच पशुवैद्यकाला कळवण्याचा आदेश प्रत्येक फार्मपर्यंत पोहोचावा.

आपले,
पशुपोषण आणि कुक्कुटरोग क्षेत्रातील कार्यकर्ते