प्रौढांचे वर्ग उभे करणाऱ्या अनाम हातांचे आभार

आधी आभार त्यांचे, ज्यांनी विषय ठरवण्यापूर्वी लोकांना ‘कधी जमेल?’ हे विचारलं. चांगला विषयही गैरसोयीच्या वेळेपुढे टिकत नाही.

मग जागेसाठीचा अर्ज एका पानात बसवणाऱ्यांचे: काय शिकवणार, कोण, किती वेळ, झाडलोट कोणाकडे, कुलूप कोण लावणार. शेवटच्या दोन गोष्टी लिहिल्या नाहीत की जागा देणारे मागेपुढे पाहतात. ‘कायमचा वर्ग’ न मागता ६ आठवडे, आठवड्याला दीड तास एवढंच मागणं, हेही शहाणपणाचंच. आणि किल्ली दोघांकडे ठेवणारे! एकाच किल्लीवरचा वर्ग एका तापानेही बंद पडतो.

सर्वांत मोठं ऋण मात्र गैरहजरांना फोन करणाऱ्यांचं. प्रौढ माणूस एक वर्ग चुकला की ‘आता मागे पडलो’ म्हणून लाजेपोटी पुढचेही टाळतो. गळती इथूनच सुरू होते. तुम्ही ‘का आला नाहीत?’ असं विचारलं नाही. ‘मागच्या वेळी एवढं झालं, आता इथून पुढे जातोय’ इतकंच सांगितलंत. शिकवणाऱ्यांनी दर वेळी पहिली १० मिनिटं उजळणीला दिली, म्हणून त्या फोनला अर्थ राहिला.

१२च्या वर माणसं झाल्यावर दुसरा गट पाडायचा हट्ट धरणारेही (तेव्हा कितीही नकोसे वाटले तरी) बरोबर होते.

खुर्च्या अर्धवर्तुळात मांडणारे, कागद मोठ्या अक्षरांत छापणारे, तुम्हालाही धन्यवाद. शेजारच्या खोलीत मुलं सांभाळणाऱ्यांना दुप्पट. त्या सोयीशिवाय कितीतरी आयांना येताच आलं नसतं.