रेल्वेचे चक्राकार तिकीट संकेतस्थळावर हवे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतल्या लांबच्या प्रवासाचा विषय निघाला की बोलणे हमखास विमानभाड्यापाशी येऊन थांबते. दिवाळीत आणि मे महिन्यात विमानाची तिकिटे किती चढतात, सरकारने त्यांना लगाम घालावा की नाही, यावर दरवर्षी लिहिले जाते. रेल्वेचा उल्लेख येतो तो ‘आरक्षण मिळत नाही’ एवढ्या एका वाक्यापुरता. आरक्षण मिळत नाही हे खरेच आहे, आणि गाड्या व डबे वाढल्याशिवाय ते मिळणारही नाही. परंतु जे आहे त्यातही, फिरण्यासाठी निघालेल्या माणसाची जी सोय रेल्वेने नियमांत करून ठेवली आहे, ती आज बहुतेक प्रवासी जेथून तिकीट काढतात त्या संकेतस्थळावर आणि ॲपवर नाही. ही सोय म्हणजे सर्क्युलर जर्नी तिकीट, अर्थात चक्राकार प्रवासाचे तिकीट. त्याविषयी हे पत्र आहे.

प्रवास जेथून सुरू होतो तेथेच येऊन संपणार असेल आणि वाटेत ठिकठिकाणी उतरायचे असेल, तर संपूर्ण फेरीचे एकच तिकीट काढता येते आणि त्यावर जास्तीत जास्त आठ ठिकाणी मुक्काम करता येतो. भाड्याचा हिशेबही प्रवाशाच्या हिताचा आहे. फेरीच्या एकूण अंतराचे दोन समान भाग करतात आणि प्रत्येक भागाएवढ्या लांबीचे एकेक तिकीट काढले आहे असे धरून भाडे आकारतात. रेल्वेचे भाडे अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा दर उतरत जातो, हे लक्षात घेतले म्हणजे पाच-सहा लहान तिकिटांऐवजी दोन लांब तिकिटांचा हिशेब लागण्याचा फायदा ध्यानात येईल.

पुण्याहून दक्षिणेकडे निघालेल्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. पनवेलमार्गे कोकण रेल्वेने मडगाव, मंगळूर, एर्नाकुलम, तिरुवनंतपुरम आणि कन्याकुमारी, तेथून वर मदुराई, तिरुचिरापल्ली, तंजावर, कुंभकोणम, चिदंबरम आणि चेन्नई, मग रेणिगुंटा, गुंतकल, वाडी व सोलापूर करीत पुन्हा पुणे. ही फेरी साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास भरते. (कोकण रेल्वेवर भाडे आकारताना अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त धरतात, त्यामुळे हिशेबाचे किलोमीटर याहून अधिक होतील.) रामेश्वरला जाण्या-येण्याचा लोहमार्ग एकच असल्याने तेवढे परतीचे तिकीट वेगळे काढणे सोयीचे, पांबनच्या खाडीवरचा नवा, उभा उचलला जाणारा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून गाडी पुन्हा थेट रामेश्वरपर्यंत जाते. या मार्गावर मराठी माणसाने पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण तंजावरला एक दिवस तरी काढावाच. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तेथे स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. सहल कंपन्यांच्या दक्षिण दर्शनात या सगळ्याच्या वाट्याला बहुधा दोन-तीन तास येतात.

हीच फेरी प्रत्येक टप्प्याचे वेगळे तिकीट काढून केली तर काय होते ते पाहा. रेल्वेत प्रत्येक वर्गासाठी किमान आकारणीचे अंतर ठरलेले आहे: स्लीपरमध्ये २०० किलोमीटर आणि थ्री-टायर एसीमध्ये ३०० किलोमीटर. मदुराई ते तिरुचिरापल्ली हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. ते थ्री-टायरने गेल्यास जवळजवळ दुप्पट अंतराचे पैसे भरावे लागतात. तिरुचिरापल्ली ते तंजावर तर पन्नासच किलोमीटर आहे. ज्याला दर दोन दिवसांनी एक टप्पा पुढे सरकायचे आहे, त्याला दर टप्प्याला पुन्हा सुरुवातीचा चढा दर आणि वर हा किमान अंतराचा भुर्दंड बसतो. म्हणजे पुण्याहून चेन्नईला सरळ जाऊन येणाऱ्यापेक्षा, तेवढेच किलोमीटर थांबत-थांबत जाणाऱ्याला अधिक मोजावे लागतात. चक्राकार तिकिटाने नेमका हाच अन्याय दूर होतो. आरक्षण शुल्क तेवढे प्रत्येक गाडीला वेगळे लागते, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

मग हे तिकीट लोक काढत का नाहीत? ते काढण्याची पद्धत पाहिली की उत्तर मिळते. आपला मार्ग, प्रत्येक मुक्कामाचे ठिकाण आणि तारखा लिहून रेल्वेच्या मंडळ (डिव्हिजन) स्तरावरील वाणिज्य कार्यालयाकडे किंवा मोठ्या स्थानकातील संबंधित अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तेथे अंतर व भाडे काढून मिळाले की ते घेऊन आरक्षण खिडकीवर जायचे आणि मग प्रत्येक टप्प्याचे आरक्षण करायचे. ज्या काळी सगळेच तिकीट खिडकीवर मिळत होते आणि अंतराची कोष्टके हाताने चाळावी लागत, त्या काळी ही पद्धत समजण्यासारखी होती. आज दोन स्थानकांमधले अंतर, मार्ग आणि भाडे संगणकाला तोंडपाठ असताना प्रवाशाने अर्ज घेऊन कार्यालयात जावे, ही अपेक्षा ठेवणे म्हणजे ती सोय न देण्यासारखेच आहे.

एकेरी लांब तिकिटावरील ब्रेक जर्नीचीही अवस्था तीच आहे. ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर, पहिले ५०० किलोमीटर पार केल्यानंतर, वाटेतल्या स्थानकावर दोन दिवसांपर्यंत थांबता येते. हजार किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर असा एक आणि त्याहून लांबच्या तिकिटावर दोन मुक्काम मिळतात. राजधानी, शताब्दी यांसारख्या गाड्यांना हा नियम लागू नाही. ज्यांना जाताना रेल्वेने सावकाश जायचे आहे आणि येताना विमानाने यायचे आहे, त्यांच्यासाठी हा नियम फार उपयोगाचा आहे. पुणे–कन्याकुमारी अशा एका तिकिटावर मडगावला आणि एर्नाकुलमला उतरून पुढे जाता येईल आणि परतीला तिरुवनंतपुरम किंवा मदुराईहून विमान पकडता येईल. नोकरी करणाऱ्यांना दहा दिवसांच्या रजेत दक्षिण पाहायची असेल, तर माझ्या मते हीच सर्वांत शहाणपणाची आखणी ठरते, कारण परतीचा दीड-दोन दिवसांचा प्रवास वाचतो आणि जातानाचा कोकण व मलबारचा किनारा हातचा जात नाही.

मी विमानाच्या विरोधात नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. उलट रेल्वेने विमान कंपन्यांकडून एक गोष्ट शिकावी असे मला वाटते. विमानाचे तिकीट काढताना तीन-चार शहरांची फेरी एकाच वेळी, एकाच पानावर मांडता येते आणि त्याचे एकत्रित भाडे समोर दिसते. रेल्वेने विमानक्षेत्राकडून जे उचलले ते भलतेच. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांत दर दहा टक्के जागा भरल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढवण्याची पद्धत सुरू झाली. मागणी वाढली की दर वाढवण्याची रीत आली, फेरी आखण्याची सोय मात्र आली नाही.

आगाऊ आरक्षणाच्या मुदतीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली गेली. फार आधी काढलेली तिकिटे मोठ्या प्रमाणात रद्द होतात, हे त्यामागचे कारण होते आणि ते पटण्यासारखे आहे. दलालांना आळा बसला असेल तर उत्तमच. परंतु तीन आठवड्यांच्या फेरीवर निघणाऱ्याची यात पंचाईत होते. मुदत प्रत्येक प्रवासाच्या तारखेवरून मोजली जाते, त्यामुळे जाण्याचे तिकीट हाती पडते तेव्हा परतीचे आरक्षण खुले व्हायला आणखी तीन आठवडे असतात. मधल्या प्रत्येक टप्प्यासाठी त्या-त्या दिवशी सकाळी आठ वाजता पुन्हा संगणकासमोर बसायचे, आणि त्यातला एखादा टप्पा प्रतीक्षा यादीत अडकला तर पुढच्या सगळ्या तारखा व हॉटेलांचे पैसे टांगणीला. विशेष म्हणजे परदेशी पर्यटकांसाठी ३६५ दिवस आधी आरक्षणाची मुभा त्या निर्णयातही कायम ठेवली गेली. पर्यटकाला दूरवरचे नियोजन करावे लागते हे रेल्वेला मान्य आहे, असाच त्याचा अर्थ होतो. घरच्या पर्यटकाला वर्ष नको, पण फेरीचा पहिला टप्पा खुला होईल त्याच दिवशी उरलेले टप्पेही आरक्षित करता यावेत, एवढी मागणी अवाजवी नाही. संगणक प्रणालीला ते जमणार नाही असे म्हणता येणार नाही, कारण दुसऱ्या एका प्रवासी वर्गासाठी ती वर्षभर पुढचे आरक्षण करतेच आहे.

यावर जो आक्षेप निघू शकतो तोही विचारात घ्यावा लागेल. पाच-सहा टप्प्यांच्या जागा एकदम अडवून ठेवायच्या आणि नंतर प्रवासच करायचा नाही, असे काहीजण करतील. त्याला उपाय आहे. पहिल्या टप्प्यावर प्रवासी गाडीत चढलाच नाही आणि त्याने तसे कळवलेही नाही, तर पुढचे टप्पे आपोआप मोकळे करून प्रतीक्षा यादीतल्यांना द्यावेत आणि परतावा नेहमीपेक्षा कमी ठेवावा. ओळखपत्राची अटही कडक असायला हरकत नाही. या प्रवाशांसाठी वेगळा कोटा मात्र मी मागत नाही. मधल्या स्थानकांवरून चढणाऱ्यांची प्रतीक्षा यादी आधीच इतक्या कोट्यांत विभागलेली आहे की त्यात आणखी एकाची भर घालून कोणाचेच भले होणार नाही.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की पर्यटकांसाठी भारत गौरव गाड्या, म्हणजे ठरावीक सहलीच्या खास रेल्वेगाड्या, आहेतच. त्या चांगल्या आहेत. जून २०२५ मध्ये मुंबईहून निघालेली छत्रपती शिवाजी महाराज सर्किटची गाडी ही कल्पना म्हणून मला फार आवडली. पण या गाड्यांत तारखा, ठिकाणे, जेवण आणि राहण्याची जागा सगळे ठरवून दिलेले असते. ज्यांना कोणीतरी हात धरून न्यावे असे वाटते त्यांची त्यात सोय होते. तंजावरला दोन दिवस राहायचे, कन्याकुमारी एका संध्याकाळीत उरकायची आणि चिदंबरमला मनात आले तर उतरायचे, अशी आखणी करणारा माणूस त्यात बसत नाही, आणि अशा माणसांची संख्या वाढते आहे.

ज्येष्ठांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, कारण सवडीने, थांबत-थांबत लांबचा प्रवास करण्याइतका वेळ मुख्यतः त्यांच्याकडेच असतो. मार्च २०२० पूर्वी साठीच्या पुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढील महिलांना ५० टक्के सवलत मिळत असे. ती थांबली ती थांबलीच. सवलत परत देणे रेल्वेला परवडत नसेल, तर ज्या तिकिटात सवलत न देताही लांब अंतराचा रास्त दर लागतो, ते तरी ज्येष्ठांना घरबसल्या मिळू द्यावे. अर्ज घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या चढणे त्यांनाच सर्वांत कठीण जाते.

मंडळ (डिव्हिजन) आणि विभाग (झोन) स्तरावरील रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समित्यांच्या बैठकांत नवीन थांबे आणि गाड्यांच्या वेळा हे विषय नेहमी येतात. आपल्या खासदारांनी आणि प्रवासी संघटनांनी त्याबरोबर हाही विषय मांडावा, अशी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती आहे. संकेतस्थळावरचा बदल व्हायला वेळ लागेल हे समजू शकते. तोवर पुणे, मुंबई, नागपूर, सोलापूर अशा मोठ्या स्थानकांच्या आरक्षण केंद्रांत चक्राकार तिकिटासाठी अर्ज कोणाकडे, कोणत्या नमुन्यात आणि कोणत्या वेळेत करायचा, याची मराठीतली एक पाटी लावायला फारसा खर्च येणार नाही.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे