सही माझी चालते, अनुभव चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका आडत दुकानात दिवाणजी आहे, २००६ पासून. दिवाणजी म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर गादीवर मांडी घालून लाल वही लिहिणारा माणूस येतो, पण तसलं आता काही राहिलेलं नाही. टॅली या सॉफ्टवेअरमधला जमाखर्च, माल वाहतुकीचं ई-वे बिल, जीएसटीची रिटर्न्स म्हणजे महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या म्हणजे विकलेल्या मालाचे हिशोब, हमाली-तोलाईचा हिशोब, बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट, सगळं माझ्याच टेबलावर. बारावी कॉमर्स २००३ ला झाली, त्याच वर्षी वडील आजारी पडले आणि पुढचं राहिलं ते राहिलंच. २०२३ ला पोरगी आठवीत गेली आणि मी बी.कॉम. फर्स्ट इयरला ॲडमिशन घेतली. साडेसातला कॉलेज, अकराला दुकान. मालकांनी समजून घेतलं म्हणून जमलं, नाहीतर कुठलं काय.

आता थर्ड इयरला आहे. नवीन शैक्षणिक धोरणात शेवटच्या वर्षाला ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आहे, चार क्रेडिटचं. एक क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास कुठंतरी जाऊन काम शिकायचं, रोजचं लॉगबुक लिहायचं आणि तिथल्या माणसाची सही-शिक्का आणायचा. मला वाटलं हे तर आपलं झालेलंच आहे की. मालकांच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला, पगाराचं बँक स्टेटमेंट, सगळं फाईलला लावून सरांकडं गेलो. सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, माणूस चांगला, त्यांच्या मिसेसच्या पार्लरचं जीएसटी रजिस्ट्रेशन मीच करून दिलंय. त्यांनी फाईल नीट बघितली आणि म्हणाले, "अहो, ही तुमची नोकरी झाली, हे ट्रेनिंग आहे. आणि पोर्टलवर जुना अनुभव टाकायला कॉलमच नाही, मी टाकू कुठं?" दुसऱ्या ठिकाणी जाऊन १२० तास करून या म्हणाले.

इथपर्यंत मी गप्प बसलो असतो. पण आमच्याच वर्गातला एक पोरगा ओजेटीसाठी नेमका आमच्या दुकानात आलाय. त्याला टॅलीत व्हाउचर कसं टाकायचं, एफ आठ दाबल्यावर सेल्स आणि एफ नऊला परचेस, पट्टीतून हमाली कशी वजा होते, हे सगळं मी शिकवतोय, आणि त्याच्या लॉगबुकात 'मार्गदर्शकाची सही' म्हणून रकाना आहे तिथं रोज संध्याकाळी सही मी करतोय. त्या सहीवर कॉलेज त्याला चार क्रेडिट देणार. म्हणजे दुसऱ्याला काम आलं हे सांगायला माझी सही चालते आणि मला काम येतं हे सांगायला माझी १९ वर्षं चालत नाहीत. पोरगं हुशार आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही, तो निदान रोज येतो तरी. वर्गातल्या निम्म्या पोरांची ओजेटी मामाच्या दुकानाच्या शिक्क्यावर चाललीये, हे सरांनाही माहितीये आणि सरांना माहितीये हे पोरांनाही माहितीये.

मग मी नियम शोधायला लागलो, दिवाणजीची सवय, कागद बघितल्याशिवाय झोप येत नाही. तर सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क काढलंय. त्यात शाळा, कॉलेज, आयटीआय आणि कामाचा अनुभव, सगळं क्रेडिटच्या एकाच मापात मोजायचं म्हणलंय. वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. अनुभवाला तर चक्क गुणक दिलाय, एक ते चार वर्षं अनुभव असेल तर मूळ क्रेडिटला १.३३ नं गुणायचं, चार ते सात असेल तर १.६७ नं आणि सातच्या वर गेला की थेट २ नं, अर्थात आधी तपासणी होऊन. मी सातच्या कितीतरी वर आहे. विद्यार्थ्यांचे क्रेडिट ऑनलाइन जमा ठेवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ लाच आली, आमच्या सगळ्यांची खाती कॉलेजनं फर्स्ट इयरलाच काढून घेतली. पण त्या बँकेत भरणा फक्त संस्थेनंच करायचा, खातेदारानं नाही. आमच्या धंद्यात असं खातं असतं, नावावर आहे पण चेकबुक दुसऱ्याकडं.

म्हणजे दिल्लीत नियम आहे, त्याला नावही आहे, पूर्वशिक्षणाची मान्यता, आरपीएल. फक्त तो मोजायची खिडकी आमच्या कॉलेजात नाही. कौशल्य विकास योजनेतून हेच आरपीएल २०१५ नंतर गवंडी, प्लंबर, शिवणकाम करणाऱ्यांना दिलं, थोडं ओरिएंटेशन, मग परीक्षा आणि सर्टिफिकेट. आमच्या गल्लीतल्या गवंड्याकडं ते फ्रेम करून भिंतीवर आहे, खाली उदबत्तीचं घर. त्याला विचारलं याचं पुढं काय झालं, तर म्हणाला काय होणार, आहे की तिथं.

फौजी लोकांचं मात्र सरकारनं कधीच मान्य केलंय. दहावी पास माणसानं १५ वर्षं सैन्यात काढली की केंद्राच्या गट क च्या नोकरीला त्याला पदवीधराच्या बरोबरीनं धरतात. सातारा-सांगलीकडं घरटी एक फौजी असतो, त्यामुळं हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. त्यांना दिलं ते बरोबरच आहे, माझं एवढंच म्हणणं की अनुभवाला शिक्षण मानता येतं हे सरकारला माहिती नाही अशातला भाग नाही.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याला हे सांगितलं तर तो हसायला लागला. त्यांच्याकडं ट्रेंटनला थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी आहे, १९७२ पासून नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठीच चालवलेली. तिथं तुम्ही केलेल्या कामाची फाईल बनवायची, त्यातून काय शिकलात ते लिहायचं, आणि त्या विषयाचा प्राध्यापक ती तपासून क्रेडिट द्यायचं की नाही ते ठरवतो. नुसतं अमुक वर्षं काम केलं म्हणून काही मिळत नाही, काय येतं ते दाखवावं लागतं. आणि क्लेप नावाच्या परीक्षा आहेत, १९६७ पासून. त्यात फायनान्शियल अकाउंटिंगचाही पेपर आहे, दीड तास, ७५ प्रश्न. क्लेपला मार्क २० ते ८० मध्ये मिळतात आणि साधारण ५० पडले की कॉलेजनं क्रेडिट द्यावं अशी तिकडच्या शिक्षण परिषदेची शिफारस. वर्गात बसलात का, कुठं शिकलात, कुणी विचारत नाही. तिथंही प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं, काही घेतच नाहीत, काही थोडेच घेतात, हेही त्यानंच सांगितलं. पण निदान विचारायला खिडकी आहे.

आता लोक म्हणतील तुम्ही मुक्त विद्यापीठात का नाही गेलात. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ चं, त्याचे उपकार महाराष्ट्रावर फार आहेत, बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी करून घेऊन पदवीचं दार त्यांनी उघडलं. पण दार उघडणं वेगळं आणि आत आलेल्या माणसानं आधी काय केलंय ते मोजणं वेगळं. आणि खरं सांगू का, मला वर्गात बसायचं होतं. वीस वर्षं राहून गेलेलं होतं ते.

मला सगळं फुकटात नको आहे हेही स्पष्ट लिहितो. मार्जिनल कॉस्टिंग मला कॉलेजातच कळलं, दुकानात १९ वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती. इकॉनॉमिक्सला तर फर्स्ट इयरला केटी लागली होती, घरात पोरीनं आठवडाभर हसून घेतलं. कंपनी लॉ वाचताना पहिल्यांदा कळलं की आपल्या मालकांची फर्म पार्टनरशिप का आहे आणि फर्मचं देणं त्यांच्या घरादारापर्यंत कसं येऊ शकतं. हे विषय मी शिकतोय आणि शिकणार. पण सेकंड इयरला टॅलीचा दोन क्रेडिटचा कोर्स होता त्यात मी लॅबमध्ये बसून लेजर कसं उघडायचं ते पंधरा आठवडे बघितलं, हजेरीसाठी. त्याच वेळेला दुकानात मार्च एंड चालू होता. हळद शेतमाल की मसाला या जीएसटीच्या वादात ज्यानं नोटिसांना उत्तरं लिहिलीत त्याला लेजर उघडायला शिकवायचं.

दाखल्यावर क्रेडिट द्या असंही मी म्हणत नाही, दाखला द्यायला कुणीही तयार असतं, उद्या अनुभवाचे दाखले स्टेशन रोडला झेरॉक्सच्या दुकानात मिळायला लागतील. माझी परीक्षा घ्या. बाहेरचा परीक्षक आणा, एका महिन्याची विस्कटलेली बिलं, दोन परत आलेले चेक, एक चुकलेली क्रेडिट नोट पुढ्यात टाका, तीन तास द्या आणि बघा. फी घ्या. नापास झालो तर लॅबमध्ये गुपचूप बसतो. विद्यापीठानं सेमिस्टरच्या सुरुवातीला एकदा अशी परीक्षा ठेवली, आणि पोर्टलवर तो एक कॉलम घातला, तर माझ्यासारख्या किती जणांचं काम होईल. आमच्या वर्गातच एक ताई आहेत, पतसंस्थेत चौदा वर्षं काउंटरला, त्यांनाही बँकेत जाऊन १२० तास करायला सांगितलंय.

तोपर्यंत माझं जे ठरलंय ते असं. यार्डाच्या कोपऱ्यावरच एका टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस आहे, तिथं मी सोमवारपासून ओजेटीला जाणार, दुपारी दोन ते पाच, मालकांनी तेवढी सूट दिलीये. त्यांना फोन केला तेव्हा ते आधी गप्पच झाले, मग म्हणाले, "अहो दिवाणजी, तुमच्या फर्मचा डेटा मी तुम्हाला विचारून भरतो, तुम्हाला मी काय शिकवू? या, चहा पिऊ." लॉगबुक मी कॉलेजातून आणलंय. पहिल्या पानावर 'आज काय शिकलो' असा रकाना आहे.

आपला,
एक दिवाणजी, सांगली