ब्रेकिंग रेझिस्टर अंदाजाने बसवू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि जालना येथील लहान वर्कशॉपमधल्या जुन्या लेथना आता सर्रास व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, बसवले जातात. गिअर न बदलता स्पिंडलचा (लेथच्या फिरत्या दांड्याचा) वेग बदलता येतो, ही सोय मोठीच आहे. परंतु ड्राइव्हच्या किमतीवर जेवढी घासाघीस होते, तेवढा विचार वेगात असलेला स्पिंडल थांबवताना परत येणाऱ्या ऊर्जेचा होत नाही, हे पॅनेलच्या कामात मी वारंवार पाहतो.

४१५ व्होल्टचा पुरवठा ड्राइव्हमध्ये शिरला की त्याचे सुमारे ५८५ व्होल्ट डीसी होतात. थांबण्याचा आदेश मिळताच मोटर काही क्षण जनित्र बनते आणि तिची वीज साध्या रेक्टिफायरमधून (एसीचे डीसी करणाऱ्या भागातून) लाइनला परत जाऊ शकत नसल्याने डीसी बसवरचे (ड्राइव्हच्या आतल्या डीसी वाहिनीवरचे) व्होल्टेज चढत जाते. ८०० व्होल्टच्या आसपास बहुतेक ड्राइव्ह ट्रिप होतात, म्हणजे स्वतःहून बंद पडतात, आणि जॉब (घडवायचा तुकडा) धरणारा चक मोकळा फिरत राहतो. असे होऊ नये म्हणून त्याआधीच चॉपर, म्हणजे ड्राइव्हमधला इलेक्ट्रॉनिक स्विच, ही वीज ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये सोडून तिची उष्णता करतो.

रेझिस्टरचे ओहम (रोध) आणि वॅट (सतत उष्णता सोसण्याची क्षमता) हे दोन वेगळे हिशेब आहेत. समजा, चक, जॉब व स्पिंडल मिळून जडत्व आघूर्ण ०.२ किलोग्रॅम-वर्गमीटर आहे आणि वेग मिनिटाला ३००० फेऱ्या. त्यात सुमारे १० किलोज्यूल ऊर्जा असते. ती दोन सेकंदांत काढायची तर सुरुवातीच्या क्षणी जवळजवळ १० किलोवॅट उचलावे लागतात. चॉपर चालू असताना बसवर ७६० व्होल्ट धरले, तर ५० ओहमचा रेझिस्टर साडेअकरा किलोवॅट घेतो, म्हणजे ओहम जमले. वॅट मात्र मशीन किती वेळा थांबते यावर ठरतात. मिनिटाला एकदा थांबल्यास सरासरी १६५ वॅटच पडतात; पण जॉब लहान आला आणि दर वीस सेकंदांनी चक थांबू लागला, की तोच रेझिस्टर ५०० वॅट सोसत असतो. मोटर, ड्राइव्ह, वेग काहीही बदललेले नसते, म्हणून मालकाला तो अचानक लाल का झाला हे कळत नाही.

यापेक्षा वाईट प्रकार रेझिस्टरऐवजी हीटरची कॉइल जोडण्याचा. २३० व्होल्टची दोन किलोवॅटची कॉइल साधारण २६ ओहमची असते. पुस्तिकेत किमान ५० ओहम लिहिलेल्या ड्राइव्हला ती जोडली, तर चॉपरमधून १५ ऐवजी २९ अँपिअर जातात आणि काटकसरीपायी ड्राइव्हच जातो.

चॉपर शॉर्ट झाला, तर रेझिस्टर डीसी बसला कायमचा जोडला जातो आणि मग ड्राइव्हचे स्टॉप बटण दाबून काही उपयोग नसतो. रेझिस्टरवरच्या थर्मल स्विचने (जास्त तापल्यावर काम करणाऱ्या स्विचने) मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे पुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच, पाडून येणारा पुरवठाच तोडला पाहिजे. हा स्विच न जोडता तसाच लोंबकळत ठेवलेली पॅनेल मी पाहिली आहेत. रेझिस्टर बंद पॅनेलच्या आत बसवून त्याची उष्णता कोंडणे ही आणखी एक खोड. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांवर जातो आणि मशीनभोवती तेलकट चिंध्या पडलेल्याच असतात.

प्रत्येक लेथला रेझिस्टर लागतोच, असेही नाही. दिवसभरात मोजकेच जॉब होत असतील, तर थांबण्याचा वेळ वाढवणे हाच स्वस्त आणि योग्य उपाय आहे. रेझिस्टर बसवल्यावर मात्र व्होल्टेज चढताच थांबण्याचा वेळ आपोआप लांबवणारी सेटिंग ड्राइव्हमध्ये असल्यास ती बंद करावी लागते. अन्यथा रेझिस्टर नुसता शोभेला राहतो.

विक्रेत्याने ड्राइव्ह देताना थांबण्याचा वेळ आणि तासाला किती वेळा थांबायचे हे दोन प्रश्न विचारावेत, आणि पॅनेलच्या आराखड्यात थर्मल स्विचची जोडणी दाखवल्याशिवाय उद्योजकाने बिल चुकते करू नये. मसिआसारख्या लघुउद्योजकांच्या संघटनांनी आणि आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन वर्गांनी हा हिशेब प्रत्यक्ष पॅनेलवर करून दाखवावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक पॅनेल तंत्रज्ञ,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर