प्लॅटफॉर्मपुरता कोड कुठे ठेवायचा?

महोदय,

ओपन सोर्स सॉफ्टवेअर सर्व ऑपरेटिंग सिस्टिमवर सारखेच चालावे, की ज्या सिस्टिमवर ते चालते तिच्या खास सोयींचा त्याने पुरेपूर उपयोग करून घ्यावा, हा वाद जुना आहे. सर्व्हर सांभाळणारा म्हणून मला दोन्ही बाजू पटतात. मात्र एखाद्या सिस्टिमपुरता कोड नेमका कुठे ठेवायचा, याचा विचार पुरेसा होत नाही, याची मला काळजी वाटते.

एप्रिल २०१४ मध्ये, इंटरनेटवरील संवाद सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला. एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर कोणालाही वाचता येत होता. मूळ चूक विनंतीत सांगितलेल्या लांबीची खातरजमा न करण्याची होती. पण काही प्लॅटफॉर्मवर मेमरी मागणे आणि परत करणे फार संथ आहे, या कारणाने मोकळी झालेली मेमरी स्वतःकडेच राखून ठेवण्याची जी सोय ओपनएसएसएलने केली होती, ती सर्वच सिस्टिमवर लागू होती. त्यामुळे असा गैरवापर पकडण्यासाठी ओपनबीएसडी या सुरक्षेवर भर देणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरीवर बसवलेले पहारे तेथे निरुपयोगी ठरले. त्यानंतर ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएलची 'लिबरएसएसएल' ही स्वतंत्र शाखा काढली आणि व्हीएमएससारख्या जुन्या सिस्टिमसाठीचा कोड त्यातून वगळला.

दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याचे याच मंडळींचे सॉफ्टवेअर म्हणजे ओपनएसएसएच; त्याची रचना मला आदर्श वाटते. मूळ आवृत्ती केवळ ओपनबीएसडीसाठी लिहिली जाते, आणि इतर सिस्टिमसाठीची 'पोर्टेबल' आवृत्ती तिच्यावरून वेगळी तयार होते. एखाद्या सिस्टिममध्ये नसलेली फंक्शन निराळ्या फोल्डरमध्ये पुरवलेली असल्याने मुख्य कोड वाचताना पावलोपावली 'ही सिस्टिम असेल तर' अशी अट आडवी येत नाही. तरीही प्रत्येक सिस्टिमचे बळ वापरले जातेच: प्रोग्रामला मर्यादेत ठेवण्यासाठी लिनक्सवर सेककॉम्प आणि ओपनबीएसडीवर प्लेज, दोन्हींच्या फाइली स्वतंत्र.

ही शिस्त बाहेरून मोडली की काय होते, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. काही लिनक्स डिस्ट्रिब्युशननी (म्हणजे लिनक्सच्या तयार संचांनी) ओपनएसएसएचला सिस्टिमडीशी, म्हणजे लिनक्सवरील सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामशी, जोडणारा बदल परस्पर केला होता. सेवा सुरू झाल्याची वर्दी देण्यापुरते ते काम, पण त्यासाठी जोडलेल्या लायब्ररीमागोमाग (लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच) एक्सझेड या डेटा आकसून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरची लायब्ररीही आत आली, आणि एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा पेरून ठेवला होता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाला तो सापडला.

पुढे जुलै २०२४ मधील ९.८ आवृत्तीत ओपनएसएसएचने ती वर्दी देण्याचा छोटासा कोड, बाहेरची कोणतीही लायब्ररी न घेता, पोर्टेबल भागात स्वतःच लिहिला. डिस्ट्रिब्युशन सांभाळणाऱ्यांनी असे बदल आपल्यापुरते न लावता आधी मूळ प्रकल्पाकडे पाठवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक सर्व्हर व्यवस्थापक, पुणे